कीझरमध्ये पाणी साचतंय? आधी हवा अडवा, मग ओल काढा

प्रश्न असा आहे. ह्यूस्टनजवळ एका घराच्या गॅरेजमध्ये बिअरचे केग, म्हणजे पोलादी पिंपं, गार ठेवायला ७ घनफुटांचा चेस्ट फ्रीझर आहे. अशा फ्रीझरला कीझर म्हणतात. त्याच्या काठावर, झाकणाखाली, दोन बाय सहा इंची (प्रत्यक्षात ३८ मिलिमीटर जाड) पाइनच्या फळ्यांची कॉलर, म्हणजे लाकडी चौकट, बसवून तिच्यातून चार नळ काढलेत. बाहेरून तापमानाचा कंट्रोलर जोडून आत ३८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३.३ अंश सेल्सिअस ठेवलंय. बिअर छान लागते. पण तळाशी आठवड्याला पेलाभर पाणी साचतं, कॉलरच्या आतल्या बाजूला काळे ठिपके आलेत आणि झाकण उघडलं की कुबट वास येतो. सिलिका जेलच्या पिशव्या टाकल्या, त्या दोन-तीन दिवसांत संपल्या. आता हवेतली ओल काढणारा, विजेवर चालणारा छोटा डीह्युमिडिफायर आत ठेवावा का?

आत्ता तरी ठेवू नका. आठवड्याला पेलाभर पाणी म्हणजे कुठून तरी सतत हवा आत येतेय. ती वाट बंद केल्याशिवाय आत काहीही ठेवलं तरी ते फक्त बाहेरच्या हवेतलं पाणी उपसत बसेल, आणि ह्यूस्टनच्या हवेत पाण्याला तोटा नाही.

चेस्ट फ्रीझर हे काम करण्यासाठी बनलेलाच नाही, हे आधी लक्षात घेऊ. घरातल्या नेहमीच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंड होणारी जाळी वेगळ्या कप्प्यात असते. तिच्यावर जमलेलं पाणी एका नळीतून मागे कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत पडतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. चेस्ट फ्रीझरमध्ये थंड नळ्या भिंतींच्या पत्र्याला मागून चिकटवलेल्या असतात. उणे १८ अंशांवर चालताना आत आलेलं बाष्प भिंतीवर बर्फ होऊन चिकटतं आणि वर्षातून एकदा-दोनदा आपण तो बर्फ वितळवून काढतो. कीझरमध्ये आपण तोच फ्रीझर ३-४ अंशांवर चालवतो. कॉम्प्रेसर सुरू असताना भिंत शून्याच्या बरीच खाली जाते आणि तिच्यावर हिमाचा थर येतो. कॉम्प्रेसर बंद झाला की थर वितळतो, भिंतीवरून ओघळतो, तळाला जातो आणि तिथेच राहतो. दिवसभर हेच चक्र चालू असतं. फ्रीझर बिघडलेला नाही. त्याला पाणी बाहेर टाकायची सोय नाही, एवढंच.

आता हिशेब. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम पाणी असतं. ३-४ अंशांची हवा पूर्ण भिजली तरी तिच्यात ६ ग्रॅमच मावतं. म्हणजे बाहेरची एक घनमीटर हवा आत गेली की किमान १५ ग्रॅम पाणी आत पडतं. ७ घनफूट म्हणजे साधारण २०० लिटर. चार केग ठेवल्यावर कॉलरच्या जागेसकट मोकळी हवा सव्वाशे लिटरच्या आसपास उरते. झाकण पूर्ण उघडून सगळी हवा बदलली, तरी एका वेळेला पाणी येतं दोन ग्रॅमच्या आतबाहेर. नळ बाहेर असताना दिवसातून दोनदा झाकण उघडलं तर फार झालं.

तुमचं पेलाभर पाणी, म्हणजे २०० मिलिलिटर, आठवड्याचं. दिवसाला २८ ग्रॅम. त्यातले चार झाकणाचे धरा. उरलेल्या २४ ग्रॅमसाठी रोज दीड घनमीटरहून अधिक हवा फटीतून आत यायला हवी. आतली सगळी हवा दिवसात बारा-तेरा वेळा बदलतेय असा याचा अर्थ. एवढ्यासाठी मोठी फट लागत नाही. कॉम्प्रेसर चालू झाला की आतली हवा आकसते आणि बाहेरची ओढली जाते, बंद झाला की थोडी बाहेर जाते. शिवाय आतली गार हवा जड असते. कॉलरच्या खालच्या सांध्यात फट असेल तर ती तिथून झिरपते आणि वरच्या फटीतून गरम हवा तिची जागा घेते. वर एक आणि खाली एक अशा दोन फटी असतील, तर हा प्रवाह रात्रंदिवस चालतो.

शोधाशोध सुरू करण्याआधी, साचलंय ते पाणीच आहे ना, हे बघा. पांढऱ्या पेपर टॉवेलने तळ टिपून घ्या. टॉवेल पिवळसर, चिकट, आंबूस वासाचा निघाला तर बिअर गळतेय. मग केगच्या डिस्कनेक्टची (केगला नळी जोडणाऱ्या टोपणाची) रबरी कडी, शँकच्या (कॉलरमधून आरपार जाऊन नळाला जोडणाऱ्या धातूच्या नळीच्या) मागची चकती आणि नळीचे क्लॅम्प तपासा. गळती बारीक असेल तर प्रत्येक केगखाली कोरडा टॉवेल घालून रात्रभर ठेवा. सकाळी कुठला ओला झालाय त्यावरून केग सापडतो. कुबट वास हा पुष्कळदा पाण्याचा नसतो, पाण्यात मिसळलेल्या थेंबभर बिअरचा असतो. म्हणून हे आधी.

फट कुठे आहे

तपासणीचे तीन उपाय आहेत आणि तिन्ही करावेत, कारण प्रत्येकाला वेगळी फट सापडते.

पहिला उपाय झाकणाच्या ओढीचा. झाकण अर्धा मिनिट सताड उघडं ठेवा, मग बंद करा आणि १५-२० सेकंदांनी परत उचलून बघा. आत गेलेली गरम हवा गार होऊन आकसते, त्यामुळे नीट बसलेलं झाकण त्या वेळी चिकटल्यासारखं घट्ट लागतं आणि उचलायला जोर पडतो. ते सहज उचललं गेलं तर ओढ कुठून तरी भरून निघतेय. लगेच उदबत्ती पेटवा, झाकण पुन्हा तसंच उघडून बंद करा आणि पहिल्या मिनिटातच झाकणाच्या रबरी पट्टीच्या, म्हणजे गॅस्केटच्या, कडेने उदबत्ती सावकाश फिरवा. जिथे धुराची रेघ आत वळते, तिथे पेन्सिलने खूण करा. कॉलरच्या खालच्या सांध्यावरही अशीच फिरवा. गॅरेजमधला पंखा आधी बंद करायला विसरू नका.

दुसरा उपाय कागदाचा. दोन बोटं रुंदीची कागदी पट्टी गॅस्केटखाली धरून झाकण लावा आणि ओढा. दर १५ सेंटिमीटरला हे करत सगळा घेर पूर्ण करा. पट्टी सगळीकडे सारख्या जोराने अडकायला हवी. बिजागरांच्या मधल्या भागात आणि पुढच्या दोन कोपऱ्यांत ती बहुधा सैल निघते.

तिसरा उपाय रात्रीचा. आत प्रखर टॉर्च ठेवा, झाकण लावा, गॅरेजमध्ये पूर्ण अंधार करा आणि चारही बाजूंनी डोळा त्या पातळीला आणून बघा. केसाएवढी उजेडाची रेघही पुरेशी आहे.

याशिवाय फ्रीझर स्वतःही खूण देतो. कॉम्प्रेसर बराच वेळ चालल्यावर झाकण उघडून भिंती बघा. हिमाचा थर सगळीकडे सारखा नसतो. जिथून हवा शिरते तिच्या लगत खाली तो जाड, पांढरा, भुसभुशीत असतो, आणि वितळल्यावर तिथूनच ओघळाच्या रेघा निघतात. भिंतीवरच्या जुन्या ओघळांच्या डागांचा माग वर घेत गेलात तरी फट सापडते.

आता तुमच्या रचनेतली सगळ्यात संशयास्पद जागा. चेस्ट फ्रीझरच्या पुष्कळ मॉडेलमध्ये झाकणाच्या रबरी गॅस्केटच्या आत चुंबकाची पट्टी असते. मूळ फ्रीझरमध्ये ती खालच्या पोलादी काठाला चिकटते आणि रबर सगळीकडे ओढून बसवते. कॉलर बसवली की गॅस्केटखाली लाकूड येतं. लाकडाला चुंबक चिकटत नाही, म्हणजे आता रबर दाबायला फक्त झाकणाचं वजन उरतं, आणि बिजागरातली स्प्रिंग तेही मागच्या बाजूने उचलून धरते. त्यात कॉलरच्या कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींपेक्षा एक मिलिमीटर वर-खाली असतील, तर रबर त्या पायरीवर पुलासारखं टेकतं आणि बाजूला त्रिकोणी भोक राहतं. बोटाच्या नखाने कोपऱ्यावरून आडवं खरवडा. पायरी असेल तर नख अडतं. डोळ्याला ती दिसत नाही, म्हणून सुटते.

तुमच्या गॅस्केटला लोखंडी चमचा लावून बघा. चिकटला तर आत चुंबक आहे, आणि मग उपाय सोपा आहे. कॉलरचा वरचा काठ लांब रंध्याने किंवा सपाट ठोकळ्यावर ताणलेल्या ८० नंबरच्या पॉलिश पेपरने एका पातळीत आणा. लांब सरळ पट्टी ठेवून खालून उजेड दिसत नाही ना, ते बघा. मग त्यावर २५ मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड गॅल्व्हनाइज्ड पोलादी पट्टी बसवा. पट्टीखाली सिलिकॉनची सलग रेघ द्या, स्क्रूची डोकी पट्टीत पूर्ण बुडवा आणि कोपरे ४५ अंशांत कापून जोडावर पुन्हा सिलिकॉन भरून सपाट करा. पट्टी गॅस्केटच्या चुंबकाच्या बरोबर खाली यायला हवी, म्हणून आधी गॅस्केटला खडू लावून झाकण दाबा आणि लाकडावर उठलेल्या रेघेवर काम करा. स्टेनलेस घेऊ नका, त्याच्या नेहमीच्या प्रकारांना चुंबक धरत नाही.

चमचा चिकटला नाही तर झाकण वजनावरच बसतं. मग लाकडाच्या वरच्या काठावर, गॅस्केटच्या रेषेत, ईपीडीएम रबराची पोकळ डी-आकाराची पट्टी चिकटवा. स्पंजची स्वस्त फोम टेप नको. ती पाणी पिते, चपटी होते आणि पहिली बुरशी तिच्यावरच येते. झाकणाचं रबर वाकडं किंवा कडक झालं असेल तर हेअर ड्रायरने थोडं गरम करून हाताने ओढून आकारात आणा आणि झाकण लावून गार होऊ द्या. घडीतली घाण साबणाच्या कोमट पाण्याने काढा. त्यानंतरही मागची बाजू सैल राहिली तर बिजागराचे झाकणाकडचे स्क्रू ढिले करा, झाकणावर मागच्या काठाला आठ-दहा किलो वजन ठेवा आणि तसेच पुन्हा आवळा.

कॉलर आणि फ्रीझरच्या मधला खालचा सांधा निव्वळ लाकडाच्या वजनावर सोडलेला असेल तर तो नक्की गळतो. बांधकामाच्या दुकानातलं पाइन लाकूड बरंचसं ओलसर मिळतं, ते वाळताना वाकतं. नवीन कॉलर करणार असाल तर फळ्या दोन आठवडे घरात रचून ठेवा आणि मगच कापा. फ्रीझरचा काठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावर सहा मिलिमीटरची सिलिकॉनची सलग रेघ द्या, कॉलर बसवा, आतल्या कोनातून दुसरी रेघ ओढा आणि २४ तास हात लावू नका. सिलिकॉनच्या ट्यूबवर न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलंच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं, ते पत्रा खातं आणि वास कित्येक दिवस आत कोंडून राहतो.

भोकांचा विषय थोडक्यात. सेन्सरची वायर गॅस्केटखालून नेली असेल तर आजच काढा. तीन-चार मिलिमीटरच्या वायरीच्या दोन्ही बाजूंना रबर उचललं जातं आणि तेवढी फट बारा महिने उघडी राहते. कॉलरमध्ये भोक पाडून वायर त्यातून न्या आणि दोन्ही तोंडं इलेक्ट्रिशियन वापरतात त्या न वाळणाऱ्या पुटीने बुजवा. पुढे वायर बदलायची झाली तर ती बोटाने निघते. बिअरला दाब देणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसची नळी बाहेरून येत असेल तर तिलाही तेच. शँकच्या भोवती आतून पुटी, बाहेरून चकतीखाली रबरी वॉशर. पण ही सगळी भोकं फक्त कॉलरमध्ये. फ्रीझरच्या भिंतीत ड्रिल कधीच घालू नका. आतल्या पत्र्यामागे थंड नळ्या असतात आणि बहुतेक फ्रीझरच्या बाहेरच्या पत्र्यामागे गरम नळ्या. एक नळी फुटली की फ्रीझर भंगारात जातो, आणि नव्या फ्रीझरमध्ये भरलेला आयसोब्युटेन वायू ज्वालाग्राही असतो.

फ्रीझरच्या तळाला बर्फाचं पाणी काढायचं बूच असतं, ते आतून आणि बाहेरून दोन्हीकडून घट्ट बसलंय का तेही बघा. एक बूच हरवलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. खालचं हे भोक आणि वरचं सैल गॅस्केट मिळून मघाशी सांगितलेला प्रवाह तयार होतो.

कॉलरला बाहेरून घाम का येतो

तुमच्या प्रश्नात हे नाही, पण ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात ते होणारच, आणि कॉलरच्या आतल्या काळ्या ठिपक्यांचं मूळही इथेच आहे.

३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. त्याहून गार झालेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. ३८ मिलिमीटर जाड नुसत्या पाइनच्या कॉलरमागे ४ अंश असतील, तर तिचा बाहेरचा पृष्ठभाग गणिताने साडेचोवीस अंशांच्या आसपास येतो. म्हणजे अगदी काठावर. एखाद्या दिवशी आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की लाकूड बाहेरून ओलं. फ्रीझरच्या बाहेरच्या भिंतींना घाम येत नाही, कारण तिथल्या गरम नळ्या त्यांना कोमट ठेवतात. कॉलरला ती सोय नाही. आतून एक इंच जाडीचा एक्सपीएस फोम, म्हणजे बांधकामासाठी मिळतो तो गुलाबी किंवा निळा कडक बोर्ड, लावला की बाहेरचा पृष्ठभाग २८ अंशांच्या जवळ जातो आणि घाम थांबतो. पांढरा थर्माकोल इथे वापरू नका, त्याच्या दाण्यांमधल्या फटींत ओल शिरते.

या कामात एक गोष्ट हमखास उलटी केली जाते. बाष्प नेहमी उष्ण, दमट बाजूकडून गार बाजूकडे जातं. आपल्या कीझरमध्ये ते बाहेरून आत. त्यामुळे बाष्प अडवणारा थर लाकडाच्या बाहेरच्या बाजूला हवा. लोक आतून प्लास्टिक किंवा फॉइल लावतात आणि बाहेरून लाकूड छान दिसावं म्हणून तेल पुसून सोडतात. मग बाहेरचं बाष्प लाकडातून आत शिरतं, आतल्या गार प्लास्टिकपाशी अडतं आणि तिथे पाणी होतं. लाकूड आणि प्लास्टिक यांच्यामध्ये, जिथे वारा लागत नाही आणि नजर पोचत नाही, तिथे बुरशीला हवं ते सगळं मिळतं. म्हणून बाहेरच्या बाजूला, वरच्या-खालच्या काठांना आणि भोकांच्या आतल्या गोलाईलाही पॉलियुरेथेन व्हार्निशचे तीन हात द्या. आतल्या बाजूला फोम पूर्ण पृष्ठभागावर लेपून चिकटवा, ठिपके ठिपके गोंद लावून नाही, आणि त्याच्या चारही कडा सिलिकॉनने बंद करा. फोम आणि लाकूड यांच्यात पोकळी ठेवायची नाही.

आधीच आलेली बुरशी यापूर्वी काढावी लागेल. केग बाहेर काढा, फ्रीझर बंद करून एक दिवस उघडा राहू द्या. एन-९५ मास्क लावा. कॉलरवर औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड फवारा, दहा मिनिटांनी पुसा, डाग राहिले तर पुन्हा करा. लाकूड दोन दिवस वाळल्यावर १२० नंबरच्या कागदाने घासून मग पॉलियुरेथेन लावा. धातूचा आतला भाग आणि गॅस्केट यांना लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा पुरतो. ब्लीच टाळा. ते स्टेनलेसला खड्डे पाडतं, आणि बिअर करणाऱ्यांच्या हाताशी नेहमी आम्लाचं सॅनिटायझर असतं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद गॅरेजमध्ये, फ्रीझरवर वाकलेलं असताना तो जीवावर बेतू शकतो.

आता, वाकण्यावरूनच. कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर आत ठेवत असाल तर तळ पुसायला डोकं आत घालू नका. पाच पौंडाच्या भरलेल्या सिलिंडरमधून बाराशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे तुमचा फ्रीझर सहा वेळा भरेल इतका. तो हवेच्या दीडपट जड असल्याने झाकण उघडलं तरी आपोआप वर येत नाही, खड्ड्यासारख्या फ्रीझरमध्ये बसून राहतो. ४ टक्क्यांचं प्रमाणही तातडीने धोकादायक मानलं जातं. गॅरेजचं दार उघडा, सिलिंडर बंद करा, आत हवा जाईल असा पंखा पाच-दहा मिनिटं लावा आणि लांब दांडीच्या मॉपने पुसा. मुलांना पुसायला लावू नका. आत कार्बन डायऑक्साइडचा अलार्म बसवलात तर उत्तमच.

पंखा आणि कंट्रोलर

पंखा ओल काढत नाही, हे स्पष्ट असू द्या. पण तो हवाच. चेस्ट फ्रीझरमध्ये गार हवा तळाशी बसते, आणि कॉलरपाशी तळापेक्षा पाच अंश जास्त असणं सहज घडतं. नळाची मागची बाजू कोमट राहते आणि पहिला ग्लास निम्मा फेसच येतो. १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा दोन-तीन वॅट खातो. तो तळाशी ठेवून एका जाड प्लास्टिक पाइपमधून हवा वर कॉलरपर्यंत ढकला. याने तापमान सारखं होतं, कोपऱ्यांत साचलेली दमट हवा हलते आणि बुरशीला निवांत जागा मिळत नाही. पाइपचं तोंड गॅस्केटच्या फटीवर रोखू नका, नळांच्या शँकवर रोखा. पंखा सतत चालू द्या. कॉम्प्रेसरबरोबर चालू-बंद करण्यात काही फायदा नाही.

कंट्रोलरचा सेन्सर हवेत लोंबकळत असेल तर झाकण उघडताक्षणी कॉम्प्रेसर सुरू होतो आणि दिवसभर धडधडत राहतो. भरलेल्या केगला चिकटवलात तर उलट होतं: १९ लिटर द्रव गार व्हायला फार वेळ लागतो, तोवर भिंत बर्फाळ होऊन जाते, आणि बंद झाल्यावर ते सगळं हिम पाणी होऊन तळाला येतं. मधला मार्ग म्हणजे अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीला सेन्सर टेपने चिकटवून वर फोमचा तुकडा बांधणं. कंट्रोलरवर चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतला फरक १ अंश सेल्सिअस ठेवा, आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीची सक्तीची विश्रांती १० मिनिटं. कोमट केग थेट आत घालू नका. २५ अंशांचा एक केग कॉम्प्रेसरला तासन् तास चालवतो आणि त्या एका दिवसात भिंतीवर जो बर्फ धरतो तो नंतर डबकं होतो. आधी तो बर्फाच्या पाण्याच्या टबात गार करा, बाहेरून कोरडा पुसा, मग ठेवा.

आता शोषकांची पाळी

हे सगळं झाल्यावर तळ पूर्ण कोरडा करा. हे वाक्य किरकोळ वाटेल, पण तुमच्या सिलिकाच्या पिशव्या दोन-तीन दिवसांत का संपल्या त्याचं उत्तर यातच आहे. सिलिका जेल भिजलेल्या हवेत आपल्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा पाणी धरतं. तळाला २०० ग्रॅम पाणी असेल तर पाऊण किलो सिलिका फक्त ते डबकं पिण्यातच जाते, आणि छोट्या पिशव्यांची काय कथा. फट बंद असेल आणि तळ कोरडा असेल तर रोजचं पाणी पाच-आठ ग्रॅमवर येतं. मग एक किलो सिलिका महिनाभर पुरते.

रंग बदलणारी घ्यायची तर नारिंगी घ्या. निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते खाद्यपदार्थांजवळ नको. कापडी पिशवीत भरून कॉलरच्या उंचीला, पंख्याच्या वाऱ्यात टांगा. तळाशी फेकून ठेवलेली पिशवी निम्मंही काम करत नाही. भरली की पसरट ट्रेमध्ये ओतून ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास भाजा, गार होईपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. त्याहून जास्त तापवल्यास रंग मरतो. दोन पिशव्या ठेवल्यात की एक आत आणि एक ओव्हनमध्ये असं चालू राहतं.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे स्वस्त मिळतात आणि स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी धरतात, पण माझं मत त्यांच्या विरोधात आहे. त्याचं खारट पाणी होतं. केग उचलताना तो डबा एकदा कलंडला की ते पाणी तळाच्या पत्र्याच्या सांध्यात जातं, आणि आतला पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर काही महिन्यांत त्याला बारीक भोकं पाडतं. मागच्या नळीपर्यंत पोचलं तर फ्रीझर थंड करणारा गॅस गेला. वापरायचाच असेल तर डबा कॉलरला ब्रॅकेटने पक्का बांधा.

छोटा विजेवरचा डीह्युमिडिफायर, ज्यात पेल्टिएरची चकती (वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी) असते, तो या तापमानाला फार कमजोर पडतो. पाणी धरण्यासाठी त्याची गार बाजू आतल्या दवबिंदूच्या खाली जायला हवी. आत आधीच ३-४ अंश असताना ती शून्याखाली जाते, तिच्यावर बर्फ धरतो आणि पाणी टाकीत पडतच नाही. शिवाय तो २०-२५ वॅट उष्णता आत ओततो. ७ घनफुटांच्या चांगल्या फ्रीझरमध्ये ४ अंशांवर बाहेरून शिरणारी सगळी उष्णता मिळून १५-२० वॅटच्या घरात असते. म्हणजे तुम्ही कॉम्प्रेसरचं काम दुपटीहून जास्त वाढवता, भिंती जास्त वेळ गोठतात आणि हिम वाढतं. वरचं सगळं करूनही ओल राहिली, तरच तो टायमरवर दिवसातून दोन-तीन तास लावून पाहावा.

खात्री करायला आर्द्रता मोजणारा स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर पुरतो, पण आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ते दाट चिखलासारखं होईल एवढंच पाणी घाला. झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून घरातल्या तापमानाला बारा तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७९ आला तर पुढे प्रत्येक वाचनातून चार वजा करा. मग तो कॉलरच्या उंचीला टांगा. झाकण उघडल्यावर पहिला अर्धा तास आकड्याकडे बघू नका. ६५ टक्क्यांच्या खाली सरासरी राहिली तर बुरशी धरत नाही. सतत ८५-९० दिसत असेल तर कुठे तरी उघडं पाणी आहे, बहुधा कॉम्प्रेसरच्या उंचवट्यामागे किंवा केगच्या रबरी बुडाखाली. केग प्लास्टिकच्या जाळीवर दोन-तीन सेंटिमीटर उंच ठेवलेत तर तिथेही वारा खेळतो आणि पुसायला जागा मिळते.

दोन आठवड्यांनी तळातलं पाणी पुन्हा टिपा आणि टॉवेलचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा, कोरडा आणि ओला. चाळीस-पन्नास ग्रॅम आलं तर फटी बुजल्या. शंभराच्या वर असेल तर उदबत्ती घेऊन परत खालच्या सांध्याकडे आणि तळाच्या बुचाकडे जा. एकदा गॅस्केट सुधारलं की लोक इथेच थांबतात आणि दुसरी फट राहून जाते.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन बिअर स्वतःसाठी बनवायची मुभा दिली, म्हणून तिथे हे फ्रीझर गॅरेजमध्ये दिसतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. पण मुंबई-पुण्यात आणि गोव्यात कोम्बुचा किंवा कोल्ड ब्रू कॉफीसाठी असाच फ्रीझर करणाऱ्यांनाही हे सगळं लागू पडतं. कोकणपट्टीच्या जुलैत हवा २८ अंशांवर ९० टक्क्यांच्या आसपास भिजलेली असते, दवबिंदू २६ च्या घरात जातो, म्हणजे ह्यूस्टनपेक्षाही कठीण परिस्थिती. तिथे कॉलरला एक इंचाऐवजी दीड इंच फोम लावा आणि कॉलर प्लायची करणार असाल तर स्वस्त प्लायवूड न घेता मरीन प्लाय घ्या; साध्या प्लायचे थर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत सुटतात. वीज वारंवार जात असेल तर कॉम्प्रेसर सुरू होण्याआधीची विश्रांती १० मिनिटांचीच ठेवा आणि वीज नसताना झाकण उघडू नका, कारण त्या वेळी आतलं हिम पाणी झालेलं असतं आणि वर बाहेरची दमट हवा येते.

सुट्टीवर जाताना फ्रीझर बंद करणार असाल तर केग काढा, नळ आणि नळ्या धुऊन वाळवा, तळ पुसा, दोन्ही बुचं काढा आणि झाकणाखाली पाच सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा ठेवून ते उघडं राहू द्या. बंद, गरम आणि आतून जराशा ओल्या फ्रीझरमध्ये आठवड्याभरात गॅस्केटच्या घड्या काळ्या होतात. घरात लहान मुलं असतील तर ठोकळ्यावर भिस्त ठेवू नका. झाकणच बिजागरातून काढून भिंतीला टेकवून ठेवा.